दत्तक मूल, त्याची शाळा आणि आपण



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा आणि हुमणीचा बंदोबस्त यांबद्दल लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे. तो का घेतला, ते आधी सांगतो.

आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना एक सभासद गट ऑफिसात आले. नोंद झाली, सही झाली, तरी ते उठेनात. आजूबाजूची माणसे गेल्यावर म्हणाले, "साहेब, उसाचं झालं. दुसरंच एक इचारायचं हुतं. पोरगं सहावीला हाय. शाळंत कुणीतरी त्याला म्हणलं, तू ह्या घरचा न्हाईस. दोन दिस झालं, धड जेवत न्हाई. काय सांगू त्याला?"

हा मुलगा त्यांनी नात्यातून, लहान असतानाच दत्तक घेतलेला आहे. हा प्रश्न त्यांनी शेतकी खात्याच्या माणसाला का विचारला, तेही सांगतो. माझी मुलगी दत्तक आहे, हे आमच्या गटात बहुतेकांना माहीत आहे. आज ती अकरावीत शिकते. तिला विचारून आणि तिला वाचून दाखवूनच हा लेख छापायला दिला आहे.

आमची चूक

आम्ही मुलीला संस्थेतून घरी आणले, तेव्हा ती एक वर्षाची होती. "अजून लहान आहे, पुढे सांगू" असे म्हणत आम्ही वर्षे घालवली. बालवाडी झाली, पहिली झाली, दुसरी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा आमचा हिशोब होता.

ती तिसरीत असताना एका लग्नात पंगतीला बसलो होतो. नात्यातल्या एका म्हातारीने तिच्याकडे बोट करून शेजारणीला विचारले, "हीच का ती आणलेली?" मुलीने ऐकले. तेव्हा काही बोलली नाही. रात्री घरी आल्यावर आईला म्हणाली, "मला कुठून आणलं?" मग आम्ही सगळे सांगितले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "त्या आजीला माहीत होतं. मग मला का नाही सांगितलं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पुढचे पाच-सहा महिने ती आईला नजरेआड होऊ देईना. शाळेत लक्ष लागेना, वहीत काही उतरवेना. गुरुजींनी निरोप धाडला की मुलगी मागे पडत चालली आहे. मुलगी मागे पडली नव्हती. तिला आमचा भरवसा राहिला नव्हता. तो परत मिळवायला आम्हाला दोन वर्षे लागली.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. दत्तक असल्याचे मुलाला आईबापाच्या तोंडून कळले पाहिजे. शाळेच्या फाटकात, पंगतीत किंवा बांधावरच्या भांडणात कळता कामा नये.

कायद्याने मूल कोणाचे?

हे आधी स्वच्छ समजून घेऊ, कारण घरातल्या निम्म्या भीतीचे मूळ इथे असते.

आपल्याकडे दत्तक घेण्याचे दोन मार्ग आहेत. नात्यातले, ओळखीतले मूल घेतले जाते ते बहुधा १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने. यात मूल सामान्यतः पंधरा वर्षांच्या आतले व अविवाहित असावे लागते (रूढी असल्यास अपवाद आहे). आधी मुलगा असेल तर दुसरा मुलगा, किंवा मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेताना दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे घडावे लागते. दत्तकपत्र दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नोंदणीकृत करून ठेवावे. नोंदलेले दत्तकपत्र असले की कायदा ते दत्तक रीतसर झाले असे गृहीत धरतो, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर पडतो.

या कायद्याची दोन कलमे प्रत्येक घराने लक्षात ठेवावीत. कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून ते मूल सर्व बाबतींत दत्तक आईबापांचे मूल होते. कलम १५ प्रमाणे रीतसर झालेले दत्तक रद्द करता येत नाही. आईबापांना करता येत नाही, आणि मुलालाही ते सोडून जन्मघरी परत जाता येत नाही.

दुसरा मार्ग बाल न्याय कायद्याचा. अनाथ, टाकून दिलेल्या किंवा आईबापांनी रीतसर स्वाधीन केलेल्या मुलांसाठी तो आहे आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे. सध्याचा कायदा २०१५ चा. त्यात केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे संगणकावर नाव नोंदवावे लागते, समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात आणि पाळीप्रमाणे मूल सुचवले जाते. पूर्वी आदेश न्यायालयातून मिळे. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी माणूस येऊन चौकशी करतो. काहींना हा जाच वाटतो. आम्हाला ते लोक उपयोगी पडले. अडचण सांगायला कोणीतरी होते.

दवाखान्यातून किंवा दलालाकडून परस्पर मूल आणू नका. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय मूल शाळेत घालताना, पुढे वारस लावताना कागद कोठून आणणार?

सांगावे केव्हा आणि कसे?

शाळेत घालण्याआधी सांगायला सुरुवात करावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला सगळे समजत नाही, पण शब्द कानावर पडून ओळखीचा होतो. "तू आमच्या घरी आलास तो दिवस" ही गोष्ट वाढदिवसासारखी दरवर्षी सांगावी. सहा-सात वर्षांचे झाल्यावर मुलाच्या ध्यानात येते की आपण या घरी आलो म्हणजे कोठून तरी निघालो. तेव्हा त्याला वाईट वाटते, आणि ते वाटू द्यावे. "कशाला विचारतोस, तुला काय कमी आहे?" असे म्हणून तोंड बंद करू नये.

आणखी काही गोष्टी पाळाव्यात.

१. जन्म देणाऱ्या आईला वाईट म्हणू नये. "तिने टाकलं" असे न म्हणता "तिला सांभाळणं जमलं नाही, म्हणून तुला घर मिळावं अशी सोय झाली" असे सांगावे.

२. जे माहीत नाही ते रचून सांगू नये. "आम्हालाही माहीत नाही" हे उत्तर चालते.

३. उपकाराची भाषा कधीही वापरू नये. रागाच्या भरात "तुला आणलं म्हणून" हे वाक्य एकदा तोंडातून गेले तर ते परत घेता येत नाही.

४. एकदा सांगून काम संपत नाही. मूल आठव्या वर्षी विचारते, बाराव्या वर्षी विचारते, अठराव्या वर्षी विचारते. दर वेळी प्रश्न निराळा असतो.

शाळेत काय करावे?

आपल्याकडे नावाच्या मध्येच बापाचे नाव असते. त्यामुळे मोठेपणी दत्तक आलेल्या मुलाचे हजेरीतले नाव बदलले की सगळ्या वर्गाला कळते. अशा वेळी मुख्याध्यापकांना आधी भेटावे, दत्तकपत्र किंवा आदेशाची प्रत दाखवावी आणि शक्यतो वर्षाच्या सुरुवातीला जनरल रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करून घ्यावी. ही नोंद दहावीच्या अर्जापर्यंत जाते. नंतर दुरुस्ती करायला हेलपाटे फार पडतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. सहा वर्षांपुढचे मूल कधीच शाळेत गेले नसेल तर त्याला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेले भरून काढायला खास शिकवणी द्यायची. आणि मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यास बंदी आहे. वर्गासमोर "तू दत्तक ना रे?" असे विचारणे हा मानसिक त्रासच आहे.

गुरुजींना किती सांगावे? कामापुरते. प्राथमिक शाळेत कुटुंबाचा धडा येतो, कुटुंबवृक्ष काढायला सांगतात, तान्हेपणीचा फोटो मागवतात. नववी-दहावीला विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ येतो, आणि डोळ्यांचा रंग, कानाची पाळी कोणासारखी हे मुले एकमेकांत पाहू लागतात. हे धडे टाळायचे नाहीत. गुरुजींनी फक्त एवढे म्हणावे की घरे अनेक प्रकारची असतात, ज्या घरात तुम्ही राहता त्या घराचे झाड काढा. आमच्या मुलीने चौथीत झाड काढले तेव्हा खाली मुळाशी एक रिकामी चौकट ठेवली. बाईंनी "हे काय?" असे न विचारता वहीवर बरोबरची खूण केली. त्या बाईंचे आम्ही कायमचे ऋणी आहोत.

मूल बोलायला उशीर लावते, अन्न लपवून ठेवते, आई दिसली नाही की घाबरते, एका जागी बसत नाही, अशा तक्रारी येतात. त्याला हूड किंवा मठ्ठ ठरवू नये. संस्थेत पहिली वर्षे गेलेल्या मुलांबाबत रुमानियात, बुखारेस्ट शहरात, २००० सालानंतर मोठा अभ्यास झाला. आपण चाचणी प्लॉट घेतो तसाच त्याचा आराखडा होता. अनाथालयांतील १३६ लहान मुले घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. निम्मी मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था तशीच ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माणसांवरचा जीव सरासरीने अधिक सुधारला. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा दिसला. म्हणजे सुरुवातीचे नुकसान खरे असते, आणि घर मिळाल्याने ते बरेच भरून येते हेही खरे असते. मात्र वेळ द्यावा लागतो.

आपल्याच इतिहासात पाहा. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा १८७५ साली, बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या गादीला दत्तक गेला. अक्षरओळखही जवळपास नव्हती. त्याच्यासाठी खास शाळा काढली, चांगले शिक्षक नेमले. हेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली, दहाव्या वर्षात कोल्हापूरला दत्तक आले. तेच राजर्षी शाहू छत्रपती. त्यांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला. ही दत्तके गादीला वारस हवा म्हणून झाली आणि त्यांच्या दिमतीला राज्य होते, हे मान्य. पण उशिरा पाटी धरलेले मूल वाया जाते असे म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

"खाण तशी माती"

भावकीत ही म्हण हमखास ऐकू येते. मुलाने चूक केली की "शेवटी रक्त कुणाचं?" असे म्हणतात. आपले सख्खे पोर नापास झाले तर आपण मास्तरला दोष देतो, दत्तक पोर नापास झाले तर त्याच्या रक्ताला देतो. हा न्याय नव्हे.

मी माती तपासणारा माणूस आहे. माती जशी मिळते तशीच राहते, असे तुमच्यापैकी कोण म्हणेल? चोपण रान तुम्ही चर काढून, जिप्सम टाकून, ताग गाडून सुधारलेत की नाही? खोडव्यात दोन फुटांपेक्षा मोठी नांगी पडली तर आपण पिशवीतले रोप आणून भरतो. ते रोप पहिले आठ-दहा दिवस मान टाकते. शेजारचे जुने बेट त्याचे पाणी आणि ऊन खाते. म्हणून आपण त्याला वेगळे तांब्याभर पाणी घालतो, वरचेवर बघतो. त्याने मूळ धरले की ते ओळीतले होते, आणि वजनकाट्यावर कोणी विचारत नाही की यातला ऊस रोपाचा कोणता आणि बुडख्याचा कोणता.

मूल म्हणजे पीक नव्हे, हे मलाही कळते. त्याला स्वतःचे मन असते आणि आठवणी असतात. पण सुरुवातीला जास्त लक्ष द्यावे लागते म्हणून रोप वाईट ठरत नाही, एवढे आपल्याला शेतात समजते. ते घरातही समजावे.

शेजाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीने एक पथ्य पाळावे. कौतुक म्हणूनसुद्धा मुलाच्या नावामागे "दत्तक" लावू नये, आईबापांचा त्या कारणासाठी सत्कार करू नये, वर्तमानपत्रात फोटो देऊ नये. दत्तक दिलेल्या बालकाची ओळख वर्तमानपत्रात प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याचीही मनाई आहे. पोराला शाळेत पोरासारखे जाऊ द्यावे.

दहावीनंतर आणि पुढे

कागदपत्रे : जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि दत्तकाचा कागद यांतील नाव व जन्मतारीख एक आहे ना, हे आठवीतच तपासावे. जातीच्या दाखल्याचा प्रश्न असेल तर बारावीच्या निकालाची वाट न पाहता तहसील कार्यालयात आधी चौकशी करून ठेवावी. प्रवेशाच्या आठवड्यात ही कामे होत नाहीत.

मुळाचा शोध : संस्थेतून आलेल्या मुलाला आपल्या जन्माची माहिती मागता येते. अठरा वर्षांनंतर त्याने स्वतः अर्ज करायचा, त्याआधी आईबापांबरोबर. जन्म देणाऱ्यांची गुप्तता राखून जेवढे देता येते तेवढे देतात. मुलाने विचारले तर "आमचं प्रेम कमी पडलं" असे मनाला लावून घेऊ नये. माझ्या मुलीने मागच्या वर्षी विचारले, "मी अर्ज केला तर बाबा, तुम्हाला चालेल का?" मी म्हणालो, "मी गाडी घेऊन येतो." रात्रभर मला झोप लागली नाही, हेही खरे. पण तिने विचारले, लपवले नाही, यातच आम्हाला सगळे मिळाले.

लग्न : सोयरीक ठरवताना ही गोष्ट मुलाच्या किंवा मुलीच्या संमतीने आधीच उघड सांगावी. नात्यातले दत्तक असेल तर लक्षात ठेवावे की जन्मघरातील जी नाती लग्नाला निषिद्ध होती, ती दत्तकानंतरही निषिद्धच राहतात.

जमीन व शेअर्स : दत्तक मुलाचा वारसाहक्क जन्मलेल्या मुलाइतकाच आहे. भांडण होते ते कागद नसल्यामुळे. दत्तकपत्र किंवा आदेश बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातल्या पेटीत सुरक्षित ठेवावा, आणि त्याच्या प्रती मुलाच्या हाती द्याव्यात. कारखान्याच्या शेअर्सला नामनिर्देशन केले नसेल तर शेअर्स विभागात येऊन अर्ज भरावा. पुष्कळ सभासदांचे अर्ज वडिलांच्या काळात भरलेले आहेत आणि त्यावर अजून पुतण्याचे नाव आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या पोराला आमच्या दारात पुरावे गोळा करत उभे राहावे लागू नये.

त्या मुलाचे काय झाले?

त्या दिवशी मी त्या सभासदांना एवढेच म्हणालो, "आज घरी जाऊन सांगा. उद्यावर टाकू नका. आणि सांगताना हाताला काहीतरी काम असू द्या." संध्याकाळी ते मुलाला घेऊन मोटर चालू करायला विहिरीवर गेले. तिथे बसून त्याला सगळे सांगितले. मुलगा बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आण्णा, मग आता मला परत धाडणार का तुम्ही?"

आपल्याला वाटते मूल रक्ताचे, जमिनीचे विचारील. त्याची भीती ही असते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ऑफिसात आले. मी त्यांना कलम १५ वाचून दाखवले. त्यांनी ते कागदावर लिहून मागितले. मी ऊस नोंदीच्या कोऱ्या पावतीच्या पाठीमागे लिहून दिले : केलेले दत्तक रद्द होत नाही. ते म्हणाले, "हे त्यालाच वाचाय देतो. मराठी चांगलं वाचतंय."

मुलगा शाळेत जातो आहे. भांडण काढणाऱ्या पोराशी त्याची अजून बोलाचाली नाही, पण डबा संपतो, असे त्याच्या आईने सांगितले. ती पावती त्याने कंपासपेटीत ठेवली आहे.

ज्या घरांत असे मूल आहे आणि अजून सांगायचे राहिले आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गळीत हंगाम सुरू झाला की तुम्हाला आणि मलाही सवड मिळणार नाही. त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी मुलाला बरोबर घेऊन बसा.

आपला,
ऊस विकास अधिकारी